वाजवून बघणारी वहिनी

वहिनीला शेवटची भेटले तेव्हा ती दवाखान्यातल्या खाटेची लोखंडी नळी नखाने वाजवत होती. टक्... टक्... जरा पुढे सरकून पुन्हा टक्. हाताला सुई लावलेली, दोन वाक्यं सलग बोलली की धाप लागायची, पण बोटं काही स्वस्थ नव्हती. मी शेजारच्या स्टुलावर बसले तशी म्हणाली, "नीला, ही नळी सलग नाहीये. इथे जोडलेली आहे बघ, वरून रंग फासलाय म्हणून दिसत नाही." मी वाकून बघितलं. मला सांधा दिसला नाही आणि ऐकूही आला नाही. पण तिने म्हटलं म्हणजे तो असणार. तिच्या कानाशी वाद घालणं आमच्या घरातल्यांनी कधीच सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी वर्गावर असताना शिपाई बोलवायला आला. फोनवर दादा होता. "ये," एवढंच म्हणाला.

उषावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ती लग्न होऊन आमच्याकडे आली. आम्ही तेव्हा जुन्या पनवेलात भाड्याने राहत होतो, दादा, आई आणि बी.एड. करणारी मी. वहिनी पदार्थविज्ञान शिकलेली होती आणि तळोज्याकडच्या एका फायबरच्या टाक्या आणि नळ बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. सून नोकरी करणारी आहे याचं आईला कौतुक होतं, पण नोकरी नेमकी कसली ते शेजारणींना सांगताना तिची पंचाईत व्हायची. "टाक्या वाजवून बघते," असं ती सांगायची. वहिनीने ते एकदा ऐकलं आणि मनापासून हसली. म्हणाली, "आई, माझ्या साहेबांना तीन पानं लागतात हे सांगायला. तुम्ही तीन शब्दांत संपवलंत."

खरंच तिचं काम तेवढंच होतं आणि तेवढं सोपं मुळीच नव्हतं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड. त्याचे थरावर थर ठेवायचे, प्रत्येक थरात चिकट रेझिन मुरवायचं आणि ते वाळून दगडासारखं झालं की टाकी तयार. वरून गुळगुळीत, चकचकीत. पण एखाद्या जागी रेझिन पोचलं नसेल, हवेचा बुडबुडा राहिला असेल किंवा टेंपोत चढवताना धक्का बसला असेल, तर आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेर ओरखडासुद्धा नसतो. टाकी फोडली तर हे लगेच कळतं, पण फोडलेली टाकी घेऊन करायचं काय? म्हणून न फोडता आतलं ओळखायचं. त्यासाठी तिच्याकडे एक जुना, मोठा, जड रुपया होता. कडेने धरून तो पृष्ठभागावर वाजवत जायचं आणि कान द्यायचा. थर धड असले तर आवाज खणखणीत येतो. सुटलेले असले तर...

"तर काय गं म्हणतात मराठीत?" तिने मला विचारलं होतं. मी मराठीची म्हणून शब्दांची सगळी कामं माझ्या गळ्यात. मी म्हटलं, फुटकं मडकं वाजतं ना, तसं का? मग बद्द. बद्द वाजतं. तिला तो शब्द इतका आवडला की आठवडाभर ती घरात दिसेल ते वाजवून 'बद्द' की 'खणखणीत' ते जाहीर करत हिंडत होती. पनवेलच्या बाजारात माठ घ्यायला गेलो, तर सगळ्याच बायका माठ वाजवून घेत होत्या. वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "अगं, हे सगळं खातंच आहे आमचं," म्हणाली आणि तिथेच उकिडवी बसून एकेकीला विचारायला लागली, आवाजात नेमकं काय ऐकता, मडक्याच्या पोटावर वाजवता की गळ्याशी, ओलं असलं तर फरक पडतो का. कुंभारीण म्हणाली, "ताई, तुमाला माठ घ्यायचाय का लगीन लावायचंय?" आम्ही माठ घेऊन आलो तेव्हा दुपार कलली होती, माठ मात्र उत्तम निघाला.

दुसरा शब्द आईने दिला, आणि तोही रागाच्या भरात. वहिनीला घडीची पोळी जमत नसे. लाटायची झकास, पण भाजल्यावर पोळी सपाट आणि चिवट, आतले थर एकमेकांना घट्ट धरून बसलेले. आई एकदा ताटावरून म्हणाली, "पदर म्हणून सुटत नाहीत हिच्या पोळीला." वहिनीचा घास हातात राहिला. "पदर सुटणं! नीला, हाच शब्द. फायबरचे पदर सुटतात." तिच्या इंग्रजी पुस्तकातल्या त्या लांबलचक शब्दाला आमच्या स्वयंपाकघरात असं नाव मिळालं, आणि मग आईनेही संधी सोडली नाही. "कारखान्यात पदर सुटू नयेत म्हणून पगार घेते," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आणि घरी सुटत नाहीत म्हणून माझी बोलणी खाते." वहिनीला या थट्टेचा राग कधी आला नाही. उलट ती म्हणायची, फायबरचा स्वभाव सासुरवाशिणीचा आहे, लागलं तरी वरून दाखवत नाही. लाकडाला मार बसला की खळगा पडतो, पत्र्याला पोचा येतो. हे मात्र हसतमुख राहतं आणि आतल्या आत सुटत जातं. यावर आई तव्यावरची पोळी उलटायची.

खांदा कॉलनीतल्या नव्या घराचा ताबा घ्यायला गेलो तेव्हा तिने रुपया काढून आधी फरशा वाजवल्या, मग भिंतींचं प्लास्टर. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने फुली. बांधकामावरचा मुकादम बघत उभा होता. "बाई, असं वाजवत बसलात तर या कॉलनीत कोणालाच घर मिळायचं नाही," तो म्हणाला. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याला असल्या गोष्टींची फार लाज वाटायची. लग्नकार्यात वहिनीने कोणाची पितळी परात वाजवली की तो दुसरीकडे बघायचा. "सगळं जग वाजवून बघायलाच हवं का?" असं तो वैतागून म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, तुम्हालाही वाजवूनच घेतलंय."

या सवयीमुळेच करंज्याच्या नाखव्यांची गाठ पडली. यमुनाबाई आमच्या कॉलनीत दारावर मासळी घेऊन यायच्या. त्यांचं घर करंजा बंदराजवळ, नवरा धर्मा नाखवा, आणि त्यांनी बापाची लाकडी होडी काढून काही वर्षांपूर्वी फायबरची घेतलेली. वहिनी कालवणाची मासळी घ्यायला बसली की अर्धा वेळ होडीचीच चौकशी चाले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत यमुनाबाई सुका म्हावरा घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "नाळंशी थोरी चीर परली व्हती, रंग मारलाय. दर सालाला परते, दर सालाला रंग मारतो." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. वहिनीने हातातला जवळा खाली ठेवला. "दरवर्षी एकाच जागी?" तिने विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, "त्याच जागी. मंग वाईट काय त्यात?" नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, ती झाली की होड्या पाण्यात जाणार. वहिनीने पुढच्या रविवारी मला एस.टी.त बसवलं आणि आम्ही उरणवरून करंज्याला गेलो.

धर्मा नाखवा उंच, कमी बोलणारा माणूस. होडी ताज्या निळ्या रंगात उभी होती, नाळेवर पिवळा पट्टा, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. वहिनीने कारखान्यातून परवानगी काढून ध्वनिलहरींचं यंत्र आणलं होतं. त्याच्या काचेवर हिरवी रेघ उमटते. पोलादाच्या सांध्यावर धरलं की ती रेघ नीट सुळके काढून दाखवते, पण फायबरवर रेघभर बारीक काटेच येतात, तिच्या भाषेत "नुसतं गवत उगवतं." तिथेही गवतच उगवलं. मग तिने यंत्र बंद केलं, रुपया काढला आणि होडीच्या बगलेपासून नाळेकडे वाजवत निघाली. "वयनी, होडी हाय ती, ढोल नाय," नाखवा म्हणाले. बाकीचे हसले. वहिनीही हसली, पण पिवळ्या पट्ट्यापाशी आल्यावर तिचं हसू गेलं. तिथे, हळदीकुंकवाच्या खालीच, रुपया बद्द वाजत होता.

"इथे काय आपटतं नाखवा?" तिने विचारलं. काही नाही, म्हणाले. धक्क्याला होडी बगलेने लागते, नाळेने नाही. मग ती त्या कुंकवाकडे बघत राहिली, आणि एकदम म्हणाली, "नारळ कुठे फोडता?" नाखव्यांच्या कपाळाला आठी पडली. "फोडत नाय. वाढवतो. आमचा बापूस नाळेवरच वाढवायचा, त्याचा बापूसपन." आणि वाढवणार ते जोर लावून, एका फटक्यात, कारण एका फटक्यात नाही फुटला तर साल वाईट जातं. बापाची होडी सागवानी होती. तिला असले शंभर नारळ पचले. ही पडली फायबरची, बहुतेक त्या जागी मुळातच रेझिन कमी मुरलेलं, आणि त्यावर दर वर्षी श्रद्धेने, नेम धरून, सगळी ताकद लावून नारळ... वहिनीने जमेल तितक्या हळू आवाजात हे सांगितलं. नाखवा म्हणाले, "देवाचा नारल होडीचं वाईट करील व्हय?" ती म्हणाली, "देवाचं मला माहीत नाही नाखवा. नारळ कडक असतो एवढं माहीत आहे."

"मंग फोडून दाखवा," नाखवा म्हणाले. "आत सुटलेलं दिसलं तर मानीन. त्या होडीवर माजा पोर जातो."

मला अजून तो क्षण आठवतो, कारण वहिनीला काही सुचत नाहीये हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचं सगळं शिक्षण, सगळी नोकरी न फोडता सांगण्याची. आणि इथे कोणी विश्वास ठेवायचा तर फोडावंच लागणार होतं. आत काही निघालं नाही तर एका धडधाकट होडीला मोसमाच्या तोंडावर तिने भोक पाडलं असं झालं असतं. न फोडता तशीच जाऊ दिली, आणि भर समुद्रात लाटांच्या माऱ्याने नाळ उकलली तर... ती वाळूत बसली. मग मला म्हणाली, "डोळे मिट आणि पाठ फिरव. मी वाजवते. आवाज बदलला की हात वर कर." मी हात वर केला की ती खडूने रेघ मारायची, असं चारी बाजूंनी. मग यमुनाबाईंना तेच करायला लावलं, त्यांच्या वेळी रेघ मारली ती मातीने. शेवटी नाखव्यांनाच पाठ फिरवायला सांगितली. त्यांना ते पटलेलं नव्हतं, पण उभे राहिले. तिघांच्या खुणा जवळजवळ एकमेकांवर पडल्या, बशीएवढा एक वेडावाकडा गोल. नाखव्यांनी त्या गोलावरून तळहात फिरवला. वहिनी उठली, साडीची वाळू झटकली आणि म्हणाली, "फोडा."

पटाशी आणि हातोडी आली. पहिला पदर घट्ट निघाला. दुसराही घट्ट. वहिनीने माझा हात धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती. कोणीतरी मागून पुटपुटलं की पनवेलची बाई होडी फोडून चालली. तिसऱ्या पदराला पटाशी लागली आणि ती नुसतीच आत गेली, काहीही जोर न लावता. आतलं कापड पांढरं पडलेलं होतं. नाखव्यांनी बोट घालून ते उचललं तर घडीच्या पोळीसारखं अलगद वर आलं, आणि त्याखालून थोडं पाणी ओघळलं. त्यांनी ते बोट जिभेला लावलं. "खारं हाय," ते म्हणाले. गेल्या मोसमाचं पाणी, आत दडून बसलेलं. वहिनी रडत होती. चूक ठरली असती तर रडली असती हे समजू शकलं असतं, पण बरोबर ठरल्यावर का रडतेस असं मी एस.टी.त विचारलं, तर म्हणाली, "माहीत नाही गं. ते आतलं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं म्हणून असेल."

दुरुस्ती वहिनीच्या कारखान्यातल्या एका कामगाराने येऊन केली, पण दमट हवेत रेझिन लवकर धरेना. नारळी पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या गेल्या, धर्मा नाखव्यांची किनाऱ्यावरच राहिली. ते दिवस वहिनीने कसे काढले ते दादाला विचारावं. शेवटी जागा वाळली, तिने जाऊन वाजवून बघितली, आणि नाखव्यांनी नारळ हातात घेतला. सगळे नाळेकडे बघत होते. ते मात्र नाळेपाशी गेलेच नाहीत. वाळूत पडलेल्या लोखंडी नांगरापाशी गेले, त्याला हळदकुंकू लावलं आणि एका फटक्यात नारळ त्याच्यावर वाढवला. खोबरं वाटताना वहिनीला म्हणाले, "नांगर बी होडीचाच. देवाला कललं असंल." त्यानंतर दर वर्षी मोसमाच्या आधी यमुनाबाई निरोप आणायच्या आणि वहिनी रुपया घेऊन करंज्याला जायची. तिचे तिथले ते रविवार हा आमच्याकडे सणच होता. येताना ती ताजी गोष्ट घेऊन यायची, कोणाच्या होडीला काय झालं, कोणी कुठे ठिगळ लावलं, ठिगळाचा आवाज जुन्यापेक्षा जाड का येतो. कुतूहल असलेल्या माणसाला म्हातारपण येत नाही, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं. म्हातारपण तिला आलंच नाही, हे खरं, पण मला ते असं म्हणायचं नव्हतं.

या वर्षी होळीनंतर तिला खोकला लागला. डॉक्टरांनी पाठीवर डावं बोट ठेवून त्यावर उजव्या बोटाने ठोकत तपासलं. मी सोबत होते. वरून खाली, एकेक जागा सोडून, अगदी तिच्यासारखं. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना ती म्हणाली, "डाव्या बाजूला खाली बद्द वाजलं. डॉक्टर बोलले नाहीत, पण मी ऐकलं." मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने माझ्याकडे बघून नुसतं हसून दाखवलं. फुप्फुसाभोवती पाणी निघालं, ते काढलं, परत साठलं. सोनोग्राफी करणाऱ्या मुलीला तिने पडल्या पडल्या इतकं काही विचारलं की त्या मुलीने शेवटी यंत्राची काच वहिनीकडे वळवली. "इथे गवत नाही उगवत, काय सुरेख दिसतं," असं ती मला सांगत होती, स्वतःच्या आतलं बघून. मग तुकडा काढून तपासायचा ठरला. "शेवटी फोडूनच बघतात गं..." म्हणाली. मला तिचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचाच राग आला होता. आषाढात ती गेली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर धर्मा नाखवा आणि यमुनाबाई खांदा कॉलनीत आले. मी तिथेच होते. नाखवा आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. चप्पल दाराबाहेर काढून ते फोटोपुढे उभे राहिले. मग पिशवीतून नारळ काढून फोटोखाली ठेवला, शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला. दादाने रीतीप्रमाणे विचारलं, वाढवू का? नाखवा म्हणाले, "नको. यंदाचा होडीचा नारल हाय त्यो. नांगरावर नाय वाढवला. वयनी काय बी न फोडता सांगायची, म्हनून तसाच आनलाय."

"मग होडी?" मी विचारलं.

"गेली," यमुनाबाई म्हणाल्या. "पोरानं वाजवून बगितली आदी. रुपया नवा व्हता, बारका. पन ऐकू येतं."

तो नारळ अजून फोटोखाली आहे, आणि त्याच्या शेजारी वहिनीचा जुना रुपया. परवा मी गेले तेव्हा दादा चहा ठेवायला उठला आणि जाता जाता फोटोपाशी थांबला. माझ्याकडे त्याची पाठ होती. त्याने नारळ उचलून कानाशी हलवला, मग रुपया घेऊन त्यावर वाजवला, एकदा... जरा फिरवून पुन्हा एकदा. ज्याला परात वाजली तरी लाज वाटायची तो माझा भाऊ. नारळ जागेवर ठेवून, मी काहीही विचारलं नसताना, तो म्हणाला, "अजून पाणी आहे."